विश्लेषण : जहाज फुटले आणि नकाशा बदलला… कोण होते जेम्स हॉर्सबर्ग?

हिंदी महासागरात १७८६ मध्ये एक व्यापारी जहाज चुकीच्या नकाशामुळे खडकावर आदळले. त्यातून वाचलेल्या स्कॉटिश खलाशाने पुढची ५० वर्षे समुद्राच्या वाटा बिनचूक लिहून काढण्यात घालवली. मुंबई हा त्याच्या कामाचा एक मोठा तळ होता. १९व्या शतकाच्या सुरुवातीला जहाजे इतक्या मोठ्या संख्येने का बुडत होती आणि एका माणसाच्या नोंदवह्यांनी त्यात काय बदलले, याचा हा वेध.

चर्चा कशासाठी?

सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशी ‘पेद्रा ब्रांका’ नावाचा एक छोटा खडक आहे. त्याच्या मालकीवरून मलेशिया आणि सिंगापूर यांच्यात अनेक वर्षे वाद होता आणि तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. या खडकावर उभे असलेले दीपगृह ‘हॉर्सबर्ग लाइटहाऊस’ म्हणून ओळखले जाते. मालदीवमधील एका प्रवाळवर्तुळाला आणि कोकोस बेटांपैकी एका बेटालाही हेच नाव आहे. जेम्स हॉर्सबर्ग यांनी कोणतीही लढाई जिंकली नाही की कोणताही प्रदेश शोधून काढला नाही. तरी समुद्राच्या नकाशावर त्यांचे नाव इतक्या ठिकाणी का आहे, याचे उत्तर त्या काळातील जहाजफुटींच्या इतिहासात आहे.

सुरुवात कशी झाली?

हॉर्सबर्ग यांचा जन्म सप्टेंबर १७६२ मध्ये स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील एली या किनाऱ्यावरच्या गावात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वयाच्या १६व्या वर्षी ते कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर उमेदवारी करू लागले. इंग्लंड, हॅम्बुर्ग, हॉलंड अशा फेऱ्या सुरू असताना १७८० मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती लागले आणि डंकर्कच्या तुरुंगात त्यांना दिवस काढावे लागले. सुटका झाल्यावर ते वेस्ट इंडिजला आणि नंतर कलकत्त्याला गेले. तेथे ओळखीच्या एका स्कॉटिश माणसाच्या मदतीने १७८४ मध्ये त्यांना मुंबईला निघालेल्या ‘नॅन्सी’ या जहाजावर तिसऱ्या मेटची, म्हणजे कप्तानाच्या हाताखालील कनिष्ठ अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावर हिंदुस्थानातील बंदरे आणि चीन यांच्या दरम्यान खासगी जहाजांचा जो मोठा व्यापार चाले, त्यात त्यांचा प्रवेश झाला तो असा.

‘अ‍ॅटलास’वर नेमके काय घडले?

मे १७८६ मध्ये हॉर्सबर्ग ‘अ‍ॅटलास’ या जहाजाचे पहिले मेट होते. जहाज बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून सिलोनकडे निघाले होते. ३० मे रोजी ते दिएगो गार्सिया या प्रवाळबेटावर आदळून फुटले. नकाशाप्रमाणे जिथे मोकळे पाणी असायला हवे होते, तिथे खडक होता.

आज ब्रिटन आणि अमेरिकेच्या लष्करी तळामुळे जगाला माहीत असलेले हे बेट त्या वेळी दर्यावर्दींसाठी एक कोडेच होते. चागोस द्वीपसमूहातील बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम वर येतात. माडांचे शेंडे दिसेपर्यंत जहाज खडकाच्या जवळ पोहोचलेले असते. रात्री तर तेही दिसत नाहीत. विशेष म्हणजे त्याच वर्षी मुंबईहून कंपनीने या बेटावर वसाहतीसाठी माणसे पाठवली होती आणि त्याच मोहिमेतील आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्याने बेटाची मोजणी केली. वसाहतीचा प्रयत्न काही महिन्यांतच सोडून देण्यात आला.

हॉर्सबर्ग मुंबईला परतले. जहाज फुटणे ही त्या काळच्या खलाशाच्या आयुष्यात नवलाची गोष्ट नव्हती. वाचलेला माणूस देवाचे आभार मानून दुसरे जहाज पकडत असे. हॉर्सबर्ग यांनीही दुसरे जहाज पकडले, पण त्या दिवसापासून ते जिथे जातील तिथली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवू लागले.

नकाशे इतके चुकीचे का होते?

याचे मुख्य कारण रेखांश. अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंतरावर आहोत, हे सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उंचीवरून मोजता येते. पूर्व-पश्चिम स्थान मात्र असे सहज कळत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे एखाद्या ठरावीक ठिकाणची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांतील फरक कळला, तर रेखांश काढता येतो. त्यासाठी समुद्राच्या हेलकाव्यांतही अचूक चालणारे घड्याळ हवे. जॉन हॅरिसन यांनी १८व्या शतकात असे घड्याळ घडवले. पण क्रोनोमीटर नावाने ओळखली जाणारी ही घड्याळे महाग होती आणि बहुतेक व्यापारी जहाजांवर ती नसत. घड्याळ एक मिनिट चुकले, तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान सुमारे २८ किलोमीटरने चुकते.

घड्याळ नसेल तर दोरीला लाकडी फळी बांधून वेग मोजायचा, होकायंत्रावरून दिशा धरायची आणि अंदाजाने पुढे जायचे. समुद्राचे प्रवाह जहाजाला नकळत बाजूला ओढतात, ते या अंदाजात येत नाहीत. परिणामी एकाच बेटाची नोंद दोन कप्तान दोन वेगळ्या जागी करत आणि नकाशा काढणारे दोन्ही नोंदी उतरवून घेत. एकाची दोन बेटे होत. उलट, खऱ्या खडकाच्या जागी कागद कोरा राही. एकदा छापलेली चूक पुढच्या नकाशात नकलून येत राहिली.

मुंबईचा संबंध काय?

‘अ‍ॅटलास’नंतर हॉर्सबर्ग मुंबईच्या मालकीच्या, चीनशी व्यापार करणाऱ्या ‘गुंजावा’ या मोठ्या जहाजावर रुजू झाले. पुढची अनेक वर्षे मुंबई, कलकत्ता आणि कँटन हाच त्यांचा फेरा होता. त्या काळी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी जहाजे बांधत होते आणि त्यांची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली होती. इथून कापूस चीनला जाई, तिथून चहा आणि रेशीम येई. जहाजांवर अधिकारी युरोपीय असले, तरी शिडे चढवणारे आणि नांगर ओढणारे बहुतेक खलाशी हिंदी असत.

शाळेत फारसे न शिकलेल्या हॉर्सबर्ग यांनी याच काळात चित्रकला, तांब्याच्या पत्र्यावरील कोरीवकाम आणि गोलीय त्रिकोणमिती यांचा स्वतःच अभ्यास केला. मुंबईत एकदा लिलावात एक खगोलीय घड्याळ विक्रीला आले. बेपत्ता झालेले फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज यांचा शोध घ्यायला निघालेल्या जहाजांवरचे ते घड्याळ होते. ते हॉर्सबर्ग यांनी विकत घेतले. बंदरात नांगर टाकला की या घड्याळाशी ते आपले क्रोनोमीटर ताडून पाहत आणि गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे पाहून त्या बंदराचा रेखांश काढत. ला पेरूज यांची दोन्ही जहाजे पॅसिफिकमधील व्हानिकोरो बेटाच्या खडकांवर फुटली होती, हे जगाला १८२०च्या दशकात कळले. हरवलेल्या जहाजांच्या शोधात फिरलेले घड्याळ अशा रीतीने पुढच्या जहाजांच्या उपयोगी पडले.

पहिले नकाशे कुठे पोहोचले?

‘अ‍ॅना’ या जहाजावरून चीनच्या दोन फेऱ्या करताना हॉर्सबर्ग यांनी नेहमीची वाट सोडून पूर्वेकडचे मार्ग पाहिले. त्यातून त्यांनी तीन नकाशे तयार केले. एक मकासर सामुद्रधुनीचा, दुसरा फिलिपाइन्सच्या पश्चिम बाजूचा आणि तिसरा डॅम्पियर सामुद्रधुनीपासून बटाव्हियापर्यंतच्या मार्गाचा. प्रत्येकासोबत जहाज कसे न्यावे याचे टिपण होते. कँटनमधील इंग्रज व्यापारी आणि कप्तानांनी ते पाहिले आणि कंपनीचे जलालेखक अलेक्झांडर डॅलरिम्पल यांच्याकडे लंडनला पाठवले. कंपनीने ते छापले आणि हॉर्सबर्ग यांना उपकरणे घेण्यासाठी पैसे दिले.

१७९६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा डॅलरिम्पल यांच्यासह जोसेफ बँक्स, राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन अशा मंडळींशी त्यांची गाठ पडली. कोळशाच्या जहाजावरून सुरुवात केलेला खलाशी आता शास्त्रज्ञांच्या बैठकीत पोहोचला होता. १७९८ मध्ये ‘अ‍ॅना’चे कप्तानपद त्यांच्याकडे आले.

वायुभारमापकाचा प्रयोग काय होता?

एप्रिल १८०२ पासून फेब्रुवारी १८०४ पर्यंत हॉर्सबर्ग यांनी जहाजावर दिवसरात्र हवेच्या दाबाची नोंद ठेवली. त्यातून एक लय स्पष्ट झाली. उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्रात दाब दिवसातून दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी तो चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, रात्री पुन्हा चढतो आणि पहाटे उतरतो. बंदरात किंवा नदीच्या मुखात ही लय मंद होते, हेही त्यांनी टिपले. हेन्री कॅव्हेंडिश यांच्यामार्फत हे निरीक्षण रॉयल सोसायटीपुढे गेले आणि १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. सूर्यामुळे वातावरणाला येणारी ही भरती-ओहोटी आहे, असे आज विज्ञान सांगते.

खलाशाला त्याचा उपयोग रोखठोक होता. पारा रोज किती हलतो हे माहीत असेल, तरच तो नेहमीपेक्षा जास्त उतरला हे कळते आणि वादळाआधी शिडे उतरवायला वेळ मिळतो. १८०६ मध्ये हॉर्सबर्ग रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्या वर्षांत समुद्रात काय चालले होते?

हॉर्सबर्ग १८०५ मध्ये समुद्रावरची नोकरी संपवून इंग्लंडला परतले. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगॅव्हनी’ हे कंपनीचे मोठे जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, पोर्टलंडपाशी बुडाले. २५०हून अधिक माणसे गेली. कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे भाऊ जॉन हे त्याचे कप्तान होते आणि तेही वाचले नाहीत. त्याच वर्षी ‘ब्रन्सविक’ हे जहाज सिलोनजवळ फ्रेंचांनी पकडले आणि पुढे ते केपच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावर मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी प्रवासी म्हणून होता. तो म्हणजे पुढे ‘सर’ झालेले जमशेटजी जिजीभाई. जहाजावरचे डॉक्टर विल्यम जार्डिन यांच्याशी त्यांची ओळख याच प्रवासात झाली.

१८०७ च्या सुरुवातीला मद्रासहून निघालेली ‘ब्लेनहाइम’ आणि ‘जावा’ ही दोन युद्धनौका मॉरिशसच्या पूर्वेस रॉड्रिग्ज बेटाजवळच्या वादळात सर्व माणसांसह नाहीशी झाली. ‘ब्लेनहाइम’ जुनी आणि आधीच खडकावर घासलेली होती, तरी नौदल अधिकारी थॉमस ट्रूब्रिज तीच घेऊन निघाले. नोव्हेंबर १८०८ मध्ये हिंदुस्थानातून परतणाऱ्या तांड्यातील तीन जहाजे आणि मार्च १८०९ मध्ये पुढच्या तांड्यातील चार जहाजे बेपत्ता झाली. कंपनीच्या या सात जहाजांपैकी एकाचाही मागमूस लागला नाही. घरच्यांना कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे वाट पाहणे. सोबतची जहाजे बंदरात येत, एक येत नसे आणि काही महिन्यांनी विमा कंपन्या ते बुडाले असे धरून चालत.

युद्धामुळे जहाजांना तांड्याने निघावे लागे. सोबतीला युद्धनौका मिळेपर्यंत थांबावे लागे आणि त्यात चांगला मोसम निघून जाई. भार जास्त, लाकूड जुने, समोर चक्रीवादळांचा काळ आणि हाती अर्धवट नकाशा असा सगळा योग जुळून येत असे.

हॉर्सबर्ग यांच्या ग्रंथात काय होते?

१८०९ आणि १८११ मध्ये त्यांचा हिंदुस्थान व चीनकडच्या प्रवासाचा मार्गदर्शक ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो पुढे ‘इंडिया डिरेक्टरी’ या नावाने ओळखला गेला. २१ वर्षांच्या स्वतःच्या निरीक्षणांवर तो उभा होता. कोणत्या महिन्यात कोणता वारा, कोणत्या सामुद्रधुनीत प्रवाह कुठे ओढतो, कुठे किती वाव पाणी, तळाला वाळू की चिखल, बंदरात शिरताना कोणती टेकडी कोणत्या दिशेला ठेवावी, अशी माहिती त्यात ओळीने येते. मुंबई बंदर आणि कोकण-मलबार किनाराही त्यात आहे. वाचनाची गोडी म्हणून कोणी तो उघडावा असा ग्रंथ नव्हे. मात्र अंधाऱ्या रात्री अनोळखी किनाऱ्याजवळ आलेल्या कप्तानाला नेमके जे हवे, तेच त्यात होते.

१८१० मध्ये कंपनीने त्यांना जलालेखकपदी नेमले. डॅलरिम्पल यांचे १८०८ मध्ये निधन झाले होते. आता कंपनीच्या जहाजांच्या हजारो नोंदवह्या त्यांच्या हाताखाली आल्या. प्रत्येक कप्तानाला प्रवास संपल्यावर आपली वही लंडनच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये जमा करावी लागे. हॉर्सबर्ग त्या वाचत, एकमेकींशी ताडून पाहत आणि नव्या आवृत्तीत दुरुस्त्या करत. कंपनीच्या मुंबई मरीनमधील डॅनियल रॉस यांनी चीनच्या समुद्राची जी पाहणी केली, तिचे नकाशेही त्यांनी प्रसिद्धीस आणले. दक्षिण गोलार्धात नेहमीपेक्षा बरेच उत्तरेला आढळलेल्या हिमनगांवरचा त्यांचा निबंध १८३० मध्ये रॉयल सोसायटीने छापला.

मग जहाजे बुडायची थांबली का?

नाही. १८१७ मध्ये चीनहून परतणारी ‘अल्सेस्ट’ ही ब्रिटिश युद्धनौका गॅस्पर सामुद्रधुनीत नकाशात नसलेल्या खडकावर आदळली. त्यातील माणसे वाचली. १८१८ मध्ये कंपनीचे ‘कबाल्व्हा’ हे जहाज मॉरिशसच्या उत्तरेकडील कारगादोस काराहोस खडकांवर फुटले. १८२४ मध्ये सिंगापूरचे संस्थापक स्टॅमफर्ड रॅफल्स यांचे ‘फेम’ हे जहाज सुमात्राजवळ आगीत खाक झाले. रॅफल्स कुटुंब वाचले, पण वर्षानुवर्षे जमवलेले कागद आणि नमुने गेले. नकाशा आग विझवत नाही, कुजलेले लाकूड बदलत नाही आणि घाईत असलेल्या मालकाला थांबवत नाही.

फरक पडला तो वेगळ्या जागी. खडक एकदा नोंदला की तो पुढच्या सर्वांसाठी नोंदला गेला. याआधी एका कप्तानाचे शहाणपण त्याच्याबरोबर घरी जाई किंवा समुद्राच्या तळाशी जाई. हॉर्सबर्ग यांच्या ग्रंथाने ते सामाईक केले. आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिली आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही १८६०च्या दशकापर्यंत ग्रंथ वापरात होता.

या कामाची दुसरी बाजू कोणती?

हे नकाशे कोणासाठी होते, हा प्रश्न टाळता येत नाही. सुरक्षित सागरी वाटांचा पहिला फायदा कंपनीला आणि तिच्या आधाराने चालणाऱ्या व्यापाऱ्यांना झाला. त्या व्यापारात अफूचा वाटा वाढत गेला. माळव्याची अफू मुंबईहून आणि बंगालची कलकत्त्याहून चीनला जात होती. जार्डिन यांची कंपनी त्यात आघाडीवर होती आणि जमशेटजी तिचे मुंबईतील मोठे भागीदार होते. हॉर्सबर्ग यांनी आखून दिलेल्या मार्गांवरूनच ही जहाजे गेली आणि १८३९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अफू युद्धात ब्रिटिश आरमारही त्याच समुद्रातून गेले.

दुसरीकडे, त्याच जहाजांवर हिंदी खलाशी होते, चिनी सुतार होते, पोटासाठी समुद्र ओलांडणारी असंख्य माणसे होती. जहाज फुटले तर सर्वांत आधी आणि सर्वांत बिननावाने मरणारी तीच असत. बिनचूक नकाशाने त्यांचाही जीव वाचवला. नोंदवहीत त्यांची नावे क्वचितच सापडतात, त्यामुळे किती जण वाचले याचा हिशेब मांडता येत नाही.

स्मारक कसे उभे राहिले?

१४ मे १८३६ रोजी वयाच्या ७३व्या वर्षी हॉर्सबर्ग यांचे निधन झाले. ग्रंथाची चौथी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. निधनाची बातमी कँटनला पोहोचल्यावर तेथील व्यापारी आणि कप्तानांनी त्यांच्या नावाने दीपगृह उभारायचे ठरवले आणि वर्गणी सुरू केली. दगडी पुतळ्याऐवजी दिवा लावायचा, ही कल्पना समुद्रावरच्या माणसांनाच सुचावी अशी होती. जागा ठरायला बरीच वर्षे गेली. अखेर पेद्रा ब्रांका निवडण्यात आला. पक्ष्यांच्या विष्ठेने पांढऱ्या झालेल्या या खडकाला पोर्तुगीजांनी आणि मलायी लोकांनीही ‘पांढरा खडक’ असेच नाव दिले होते.

सरकारी सर्वेक्षक जॉन टर्नबुल थॉमसन यांनी बांधकाम केले. मोसमी वाऱ्यांच्या काळात काम बंद ठेवावे लागे. २४ मे १८५० रोजी पायाचा दगड बसला आणि ऑक्टोबर १८५१ मध्ये दिवा पेटला.

न्यायालयाने काय ठरवले?

२३ मे २००८ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पेद्रा ब्रांकावर सिंगापूरचे सार्वभौमत्व असल्याचा निर्णय दिला. जवळचे ‘मिडल रॉक्स’ मलेशियाला मिळाले. खडक मुळात जोहोरच्या सुलतानाचा होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण दीपगृह झाल्यावर दीर्घकाळ सिंगापूरने तेथे सत्ता चालवली आणि जोहोरने १९५३ मध्ये लेखी कळवले की मालकीचा दावा नाही, या गोष्टी निर्णायक ठरल्या. मलेशियाने २०१७ मध्ये फेरविचाराची मागणी केली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली.

आज या सामुद्रधुनीतून जाणारी जहाजे उपग्रहांवरून आपले स्थान काही मीटरपर्यंत जाणतात. तरीही दिव्याची नोंद नकाशात कायम आहे आणि नकाशांना नियमित दुरुस्तीपत्रे निघतात. खडक हलत नाहीत, पण गाळ साचतो, वाळू सरकते, नवी बुडालेली जहाजे तळाशी जाऊन बसतात. नकाशा कधीच पूर्ण होत नाही, हे दिएगो गार्सियाच्या खडकावर शिकलेला धडा आजही त्या दुरुस्त्यांमधून पाळला जातो.